गूळ-चुन्यात बसवलेली शिट्टी

"भीती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून कल्पनाशक्तीचा कामचुकारपणा आहे," असं मी भूपाल मगदूमच्या फौंड्रीत, उजव्या हाताचं बोट वर करून जाहीर केलं. वाक्य माझं मलाच आवडलं. रविवारच्या सदरात ते कुठं खपवता येईल याचा विचारही सुरू झाला होता. तेवढ्यात गाडीखालून शिट्टी वाजली, आणि पुढच्या क्षणी मी साच्यांच्या काळ्या वाळूच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलेला होतो. तिथं कसा पोचलो ते मला आजही सांगता येत नाही. मधे एक टेबल होतं.

भूपाल गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंडभर काजळी, आणि काजळीत फक्त दात.

"वाजली," तो म्हणाला.

त्या मधल्या टेबलावर जिनूमामा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे वाळूबाहेर उरलेल्या माझ्याकडं, शांतपणे बघितलं.

"लेखक, कागदावरनं पडून कुणी मरत न्हाई. म्हणून तुम्हाला सवय न्हाई."

भूपाल माझा शाळेपासूनचा मित्र. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याची फौंड्री होती, शेतीपंपांची अंगं ओतायची. धंद्यात बरे दिवस आले की आमच्याकडं माणूस एकतर शेत घेतो नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. भूपालनं एका बुडालेल्या संस्थानाच्या वारसांकडून मोटार घेतली. गाडी विलायती, आमच्या दोघांच्या जन्माआधीची. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात तिचा काही दोष नव्हता.

गाडीचे दोन भाग होते. पुढं ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा, दोघं उघड्यावर. डोक्यावर छप्पर, पण बाजूला काचा नाहीत. मागं मात्र सरकारांची खोली. चारी बाजूंनी काच, मखमली बैठक, मधल्या काचेला पडदा. आणि या खोलीतून एक नळी निघून ड्रायव्हरच्या कानाशी पोचत होती. सरकारांनी मागं नळीत तोंड घालून हुकूम सोडायचा, पुढं कानात तो ऐकू यायचा. ड्रायव्हरनं उलट बोलायची सोय त्या कंपनीनं केली नव्हती. संस्थानांचा अभ्यास करून बनवलेली गाडी होती.

गाडीबरोबर आलेल्या जुन्या चित्रात एक शिट्टी दिसत होती. इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो त्या नळीवर बसणारी, पितळेची, तीन तोंडांची. दोरी ओढली की नळीतला पडदा मिटायचा आणि सगळा धूर शिट्टीतून जायचा. प्रत्यक्ष गाडीला शिट्टी नव्हती. वारसांपैकी कुणीतरी विकून खाल्ली असणार. कोकणात एका गावी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि चित्रात आहे ते सगळं गाडीवर पाहिजे, असं भूपालच्या मनानं घेतलं. ओतकाम घरचंच. त्यानं शिट्टी ओतली, घासली, मागच्या खोलीच्या बरोबर खाली बसवली, कारण पुढं जागाच नव्हती. आवाज असा आला की आगगाडीच्या पोटात दुखतंय.

पण शिट्टी जिथं नळीला जोडली होती त्या सांध्यातून धूर फुसफुसत होता. तो सांधा बंद करायला उष्णतेला दाद न देणारी दोरी आणि लेप लागतो. भूपालनं दोन्ही आणलं होतं, पण दोरी अर्ध्यातच संपली आणि त्या दिवशी उद्यमनगरची सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

"गूळ-चुना आण," मामा म्हणाले.

जिनूमामा भूपालच्या आईचे एकुलते एक भाऊ. भूपालचे वडील लवकर गेले, त्यानंतर या मामांनीच त्याला वाढवलं. आयुष्यभर एस.टी.त ड्रायव्हर. कोकणात उतरणाऱ्या फोंडा घाटात त्यांनी इतक्या वेळा बस वरखाली केली होती की घाट त्यांना बघून आपणहून सरळ होतो, असं डेपोत म्हणायचे. हे म्हणणारे बहुतेक वेळा मामाच असायचे. त्यांच्या हयातीत बसचं कुठलंही दुखणं स्वयंपाकघराबाहेर गेलं नव्हतं. रेडिएटर गळला, हळद टाक. डिझेलची टाकी पाझरली, कपड्याचा साबण फास. आता धुराच्या नळीला गूळ-चुना.

"मामा, ती नळी तापती," भूपाल हळूच म्हणाला.

"गावाकडचा हौद कुणी लिंपलाय? माझ्या बापानं. गूळ-चुन्यानं. अजून थेंब गळंना."

"हौद तापत न्हाई मामा."

"हौद तू बांधलास काय?"

भूपाल गूळ आणायला निघाला. त्या घरात मामांशी वाद घालायची पद्धत नव्हती. भूपालच्या आईनं घातला नव्हता, बायकोनं घातला नव्हता. फौंड्रीतल्या भट्टीनंसुद्धा मामा आत आल्यावर कधी आवाज केलेला मी ऐकला नाही. ढेपेतला गूळ फोडला, चुन्यात कुटला, त्यात ताग पिंजून घातला. मामांनी स्वतः गाडीखाली जाऊन सांधा लिंपला. "कोल्हापूरचा गूळ हाय," ते खालून म्हणाले, "कुठला तरी न्हवं." ही गोष्ट आमच्या गावात अंतिम पुरावा म्हणून चालते. सकाळपर्यंत लेप दगड झाला. मामांनी त्यावर पान्हा मारून दाखवला, टण्ण वाजलं. शिट्टी वाजवली, धुराचा एक धागासुद्धा सांध्यातून आला नाही. मीही मान डोलवली. मला त्यातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. पान्ह्याचा आवाज पटण्यासारखा होता.

शिट्टीची दोरी मात्र मामांनी मागच्या खोलीत ओढून घेतली. भूपालच्या पायांना आधीच दोन पेडलं जड झाली होती, आणि बसमध्ये घंटीची दोरी मागंच असते. वळणाआधी हॉर्न हा मामांचा पहिला नियम. घाट उतरताना इंजिन बंद करायचं नाही, हा दुसरा. भूपाल घाटात कधी गाडी चालवायला बसला नव्हता आणि या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. म्हणून मामा मागं बसून नळीतून गिअर सांगणार आणि वळणाला शिट्टी देणार, असं ठरलं. मी का चाललो होतो हे कुणी विचारलं नाही. भूपालला कुणीतरी सोबत घाबरणारं हवं होतं, असा माझा अंदाज आहे.

निघताना मामी दारात आल्या. त्यांनी मामांच्या डोक्याला कानटोपी घातली, गळ्याला मफलर गुंडाळला, मागच्या खोलीच्या काचा स्वतः वर केल्या, आणि भूपालला एवढंच म्हणाल्या, "माणूस न्हेताय तसा आणून द्या."

राधानगरीच्या रस्त्याला लागलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मागं गुऱ्हाळांचा धूर. मामा नळीतून बोलत होते. "दुसरा टाक." "क्लचवरचा पाय काढ, चप्पल न्हाई ती." "सायकलवाला बघ." प्रत्येक वळणाआधी शिट्टी. बैल उधळले, कोंबड्या झाडावर गेल्या, शाळेतली पोरं मास्तरांसकट बाहेर आली. मामांना मजा येत होती. सबंध जन्म गाडीच्या पुढच्या टोकाला काढलेला माणूस आता मखमलीवर बसून दुसऱ्याला शिव्या घालत होता.

मग वास आला. उकळत्या गुळाचा, काहिलीतल्या रसाला फेस येतो तेव्हा सुटतो तसा गोड. भूपालनं नाक वर केलं. "गुऱ्हाळ जवळच हाय. येताना काकवी घेऊया." मी म्हटलं, घेऊया. नळीतून मामाही म्हणाले की वास झकास आहे. असे आम्ही तिघं तीनचार मैल खुशीत होतो.

दाजीपूरचं जंगल सुरू झालं. ऊस संपला, वस्ती संपली, रस्त्याच्या कडेला गव्यांपासून सावध राहा अशी पाटी आली. वास मात्र तसाच होता. उलट जरा करपट झाला होता, पाक उतू जाऊन चुलीत सांडावा तसा. मला गंमत वाटली. मी भूपालला म्हणालो की गव्यांनी सहकारी तत्त्वावर गुऱ्हाळ काढलेलं दिसतंय. तो हसला. हसता हसता त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, कारण समोर रस्ता संपला आणि घाट सुरू झाला.

फोंडा घाट मी आधी बसमधून पाहिला होता, म्हणजे डोळे मिटून. या गाडीत बाजूला काच नव्हती, दार माझ्या गुडघ्याएवढं होतं, आणि दरी माझ्या बाजूला होती. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. त्या शेंड्यांवरून एक घार उडत होती आणि तिची पाठ मला दिसत होती. पक्ष्याची पाठ दिसणं बरं नसतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी सीट धरली. आधी नुसती धरली होती, नंतर तिच्यात बोटं घुसवली.

"पहिला," नळी म्हणाली. भूपालनं पहिला टाकला. शिट्टी वाजली. वळण गेलं.

"ब्रेकवर उभा राहू नगंस. दाब, सोड. दाब, सोड." शिट्टी. वळण गेलं.

तिसऱ्या का चौथ्या वळणाला नळी काहीच म्हणाली नाही. शिट्टी वाजली, पण वळण निम्मं गेल्यावर.

"मामा?" भूपाल नळीत ओरडला. मी आधीच सांगितलंय, त्या नळीत पुढून बोलायची सोय नव्हती.

मग मामांचा आवाज आला, पण जरा लांबून, जड जिभेचा. "लखू, दोन बेल दे की रं. मघाधरनं थांबलोय."

भूपालनं माझ्याकडं बघितलं. "लखू कोण?" मी विचारलं.

"त्यांचा कंडक्टर. वारला त्याला लई वर्षं झाली."

"चेष्टा करतायत," मी म्हणालो. मला तसं वाटावं अशी माझी फार इच्छा होती. मधल्या काचेला मागचा पडदा ओढलेला होता. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मामांनीच ओढून घेतला होता.

नळी परत बोलायला लागली. "लखू, सीटा किती? म्हातारीला फुडं बसीव. तिला वकारी हुती." मग नुसता श्वास ऐकू यायला लागला, लांब, खरखरत. नळीतून श्वासाबरोबर वासही येत होता. तोच तो, करपलेल्या गुळाचा. माझं नाक नळीपासून वीतभर होतं, आणि आता त्या वासाखाली दुसरा एक वास होता, मोटारीच्या धुराचा. मी मागं वळून बघितलं. रस्त्यावर आमच्या मागं काहीच नव्हतं. गुऱ्हाळ कुठं आहे ते मला त्या क्षणी कळलं. ते आमच्या बुडाखाली होतं.

सांध्यातला गूळ पाघळला होता. मागच्या खोलीच्या लाकडी तळाला फटी होत्या, काचा बंद होत्या, आणि मामा वळणावळणाला प्रामाणिकपणे दोरी ओढत होते. दर वळणाला इंजिनाचा सगळा धूर ते स्वतःच स्वतःकडं बोलावून घेत होते.

हे भूपालला सांगायला मी तोंड उघडलं आणि नळी बोलली. आवाज बारीक होता, कानात कुजबुजावं तसा. हा आवाज मी मामांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"लखू, मला भ्या वाटालंय रं. ह्या वळणाला रोजच वाटतंय. रोज. हात कापत्यात माझं. फुडं बसलोय म्हणून कुणाला दिसत न्हाई. तू कुणाला सांगू नगंस. गाडी हितंच थांबवूया का?"

भूपालनं ते ऐकलं. त्याचा कान नळीला माझ्यापेक्षा जवळ होता. त्याचा चेहरा मी त्या वेळी बघितला आणि लगेच दरीकडं बघायला लागलो. दरी बरी वाटली.

मग शिट्टी वाजली आणि थांबली नाही.

आधी वाटलं, वळण मोठं असेल. वळण संपलं, शिट्टी चालूच. तीन तोंडांची ती शिट्टी एका दमात किंचाळत होती आणि डोंगर ते किंचाळणं परत आमच्यावर टाकत होता. माणूस दोरी ओढतो तेव्हा सोडतोही. ही दोरी कुणी ओढत नव्हतं. तिच्यावर एक अख्खा माणूस पडला होता.

"थांबव!" मी ओरडलो. मला माझाच आवाज ऐकू आला नाही. भूपाल ब्रेकवर उभा होता, अक्षरशः उभा, सीटवरून उठून. मागची चाकं घासत होती, गाडी हळू होत होती, पण थांबत नव्हती. तशात खालून एस.टी. आली. ड्रायव्हरनं आमचा आवाज ऐकून बस पार डोंगराला चिकटवली, आणि आम्ही दरीच्या काठावरून तिला घासत गेलो. बसच्या खिडक्यांतून माणसं हसत होती. एका बाईनं आपलं पोर आम्हाला दाखवायला उचलून धरलं. पोर टाळ्या वाजवत होतं. मीही कसा कोण जाणे, त्याला हात हलवला. भीतीनं माणसाचं काय होतं याबद्दल मी आधी जे बोललो होतो ते मी तिथंच मागं घेतलं.

मी भूपालच्या कानाला तोंड लावलं. "इंजिन बंद कर! धूर आत जातोय, मामा मरतील!"

"घाटात इंजिन बंद करायचं न्हाई!" तो ओरडला.

"कोण म्हणतं?"

"मामा!"

त्याचे डोळे वाहत होते. मामा काचेच्या पलीकडं गुदमरत होते आणि मामांनी घालून दिलेला नियम मोडायला भाच्याचा हात उठत नव्हता. त्या कुटुंबाबद्दल मला कायम आदर वाटत आलाय. तेवढा एक क्षण वाटला नाही.

मी स्वतः पुढच्या फळीवर तुटून पडलो. तिच्यावर पितळी बटणांची रांग होती. कुठलं कशाचं ते इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि माझं इंग्रजी चांगलं आहे, पण अक्षरं हलत होती. पहिलं फिरवलं, दिवे लागले. दुसरं ओढलं, काचेवरचा पुसणा एकदा डावीकडं जाऊन तिथंच राहिला. तिसरं माझ्या हातात आलं. चौथं फिरवलं आणि इंजिन गेलं. गिअरमध्ये असलेली गाडी कुंथत, अडखळत पुढं जात राहिली. शिट्टीचा आवाज खाली खाली उतरत गेला, हुंदक्यासारखा झाला आणि विझला. ती शांतता त्या किंचाळण्यापेक्षा वाईट होती. नळीतून काहीच येत नव्हतं. श्वाससुद्धा नाही.

भूपालनं गाडी डोंगराकडच्या चरात घातली. पुढचं चाक मातीत गेलं, आम्ही दोघं काचेवर आदळलो, गाडी थांबली.

मागचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीचा वाफारा आला. मामा बैठकीवरून घसरून खाली आले होते. दोरीचा वेढा मनगटाला पडला होता आणि हात वर ताणलेला होता, बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्या माणसासारखा. चेहरा लालबुंद. माझी भीती तोवर नुसती आवाज करणारी होती, ती इथं गप्प झाली. आम्ही वेढा सोडवला, त्यांना बाहेर ओढलं, रस्त्याच्या कडेला गवतावर निजवलं. कानटोपी काढली, मफलर काढला. भूपाल "मामा, मामा" म्हणत त्यांचे तळपाय चोळत होता. मी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. त्यांची छाती हलते का ते बघायला वाकायचं धाडस माझ्यात नव्हतं. नाही हलली तर ते मला पहिल्यांदा कळलं असतं.

भूपाल वाकला. त्यानं मामांच्या छातीवर कान ठेवला. घार वर आली होती. आता तिचं पोट दिसत होतं.

"हाय," भूपाल म्हणाला. "चालू हाय."

किती वेळ गेला ते माहीत नाही. घाटातला वारा मोकळा होता, तोच काय तो डॉक्टर. मग मामांच्या घशातून आवाज आला, ते कुशीवर वळले आणि ओकले. त्याआधी आणि त्यानंतर मी कुणाच्या ओकण्याचा एवढा आनंद मानलेला नाही. भूपाल तर हसत रडत त्यांची पाठ थोपटत होता आणि मामांनी त्याच्या हातावर चापट मारली. चापटेत जोर नव्हता, पण ती मामांचीच होती.

आम्ही त्यांना बसतं केलं. डोकं फुटतंय म्हणाले. पाणी प्याले, चूळ भरली. मग गाडीकडं बघितलं, चरात नाक खुपसलेली, दिवे लागलेले, पुसणा वाकडा. सांध्यातून काळी काकवी ठिबकत होती. तिच्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग तोंड आमच्याकडं वळवलं.

"मी झोपलो हुतो काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," भूपाल म्हणाला.

"झोपंत कायतरी बोललो काय?"

हे त्यांनी भूपालला विचारलं, पण बघत होते माझ्याकडं. त्यांची नजर अजून नीट ठरत नव्हती, तरी तिच्यात काहीतरी वाट बघत होतं. हा माणूस तीस वर्षं कापत्या हातांनी हा घाट उतरला होता, आणि त्याच्या मागं रोज माणसं निवांत झोपून घरी पोचली होती. मी त्या काळात गावातल्या कुणाचंही काहीही छापून आणायचो. नगराध्यक्षांपासून माझ्या सासऱ्यांपर्यंत कुणी सुटलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

"घोरत होता," मी म्हणालो. "नळी बंद करायची सोय असती तर केली असती."

"एवढं मोठ्यांदा?"

"इंजिन ऐकू येत नव्हतं."

मामांनी भूपालकडं बघितलं. भूपालनं मान हलवली. मामा हळूहळू सैल झाले. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा, म्हणजे आम्हाला दोघांना नालायक ठरवणारा, होत गेला.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मीही सदर लिहिणं सोडलंय. मामींनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. गाडी लागून मामांचं डोकं दुखत होतं, एवढंच सांगितलं. आज हे लिहिताना मला तो रस्ता दिसतो, आणि गवतावर दोन्ही हात टेकून बसलेले मामा. भूपाल रडत होता. मी अजून वहीनं वारा घालत होतो. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस आता काय बोलेल, याची मला, खोटं कशाला सांगू, थोडी धास्तीच वाटत होती.

मामांनी एकदा दरीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"लघवीला थांबवलीय न्हवं गाडी?" ते म्हणाले. "मग जरा तिकडं तोंड करा की."